गावची बोली आणि सभेचा ध्वनिक्षेपक

खेड्यातील जाहीर सभेची एक रीत आता इतकी रूढ झाली आहे की, तिच्यात काही खटकण्यासारखे आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सभेची वेळ सहाची जाहीर झालेली असते; वक्ते आठाच्या आत येणार नाहीत, हे गावालाही ठाऊक असते. मधल्या दोन तासांत लोक पांगू नयेत म्हणून गावातल्याच एखाद्या गाणाऱ्याला व्यासपीठावर बसविले जाते. तो हळूहळू रंगात येतो, माणसे जमतात, आणि तेवढ्यात वळणावर मोटारीचे दिवे दिसतात. गाणे कडव्याच्या मध्येच थांबते. त्याच्यापुढचा ध्वनिक्षेपक उचलून वक्त्यापुढे ठेवला जातो. गाणारा खाली उतरून गर्दीत मिसळतो आणि आभारप्रदर्शनाच्या वेळी बहुधा त्याचे नाव राहून जाते. समाजवादी चळवळीच्या सभाही या रीतीला अपवाद नाहीत. गाणे हे सभेचे आमंत्रण आणि भाषण हा सभेचा विषय, अशी ही वाटणी आहे. ती कोणी केली आणि ती समाजवादाशी कितपत सुसंगत आहे, याचा विचार कार्यकर्त्यांनी एकदा शांतपणे करावयास हवा.

हा विचार हवेत करण्यापेक्षा एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवून केलेला बरा. पश्चिम रेल्वेच्या सफाळे स्थानकावर उतरून समुद्राकडे जाणारी वाट धरली की, खाजणे, भातखाचरे आणि वाड्या ओलांडून एडवण येते. आशापुरी देवीच्या देवळामुळे पंचक्रोशीत परिचित असलेले हे पालघर तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. या किनारपट्टीवर चार-दोन कोसांच्या टापूत वाडवळ, भंडारी, मांगेले, कोळी, आगरी आणि वारली असे अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाची घरात बोलण्याची रीत निराळी आहे. बागायती करणाऱ्याच्या बोलीत वाडी, बावखल आणि पानवेलीचे शब्द भरलेले. मासेमारी करणाऱ्याच्या बोलीत वाऱ्याचे, उधाणाचे, भांगाचे आणि डोल जाळ्याचे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये निघाला, तेव्हा त्यात वाडवळी, सामवेदी, वारली, कातकरी अशा उत्तर कोकणातील बोलींची स्वतंत्र नोंद झाली होती. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सरकारी आणि बिनसरकारी दप्तरांत बोलींची दखल शंभर वर्षांहून अधिक काळ घेतली गेली आहे. ती घेतली गेली नाही ती शाळेच्या वर्गात, ग्रामसभेत आणि पक्षाच्या व्यासपीठावर.

वर्गात मूल घरचा शब्द उच्चारते आणि गुरुजी तो ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त करतात. गुरुजींचा हेतू वाईट नसतो. प्रमाण मराठी आल्यावाचून त्या मुलाला पुढची दारे उघडणार नाहीत, हे त्यांना माहीत असते. पण मुलाच्या मनावर जो ठसा उमटतो तो शब्दापुरता राहात नाही. आपली आजी जे बोलते ते चुकीचे आहे, असा निष्कर्ष ते मूल काढते. २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्यावर या पट्ट्यातील तरुण रोजच्या कामासाठी विरार-मुंबईकडे अधिकच मोठ्या संख्येने जाऊ-येऊ लागला. गाडीत चारचौघांत घरची बोली तोंडातून निघाली तर तो ओशाळतो. अशा ठिकाणी एखादी मुलगी किंवा एखादा प्रौढ मच्छीमार स्वतःच्या बोलीत रचलेली कविता देवळाच्या ओट्यावर, गावासमोर, मोठ्याने म्हणतो तेव्हा तो केवळ मनोरंजन करीत नाही. ज्या बोलीत केवळ भांडावे, लाड करावेत आणि मासळीचा भाव करावा अशी समजूत होती, त्या बोलीत विचारही करता येतो, हे तो गावाच्या साक्षीने सिद्ध करीत असतो. गावची कविता गावासमोर होण्याचे महत्त्व येथे आहे.

कवितेला असे सार्वजनिक स्थान देणे ही या मातीला नवी गोष्ट नाही. वारल्यांच्या लग्नात चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरी गाऊन लग्न लावते. धवलेरी ही स्त्री असते. तिच्या गाण्यावाचून लग्न पुरे होत नाही. सरकारी निबंधकाच्या सहीला जे वजन, ते येथे एका बाईच्या मुखातील गाण्याला आहे. भगत घांगळीच्या साथीने कणसरीची कथा गातो, ती ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना आधीच ठाऊक असते. चुकले तर सांगणारे समोरच बसलेले असतात. वारल्यांच्या चित्रकलेला जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर मान मिळाला, २०११ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देण्यात आली, आणि आज शहरातील दिवाणखान्यांत व उपाहारगृहांच्या भिंतींवर त्या चौकाच्या नकला दिसतात. परंतु ज्या गाण्यासाठी तो चौक लिहिला जातो, ते गाणे भिंतीवर टांगता येत नाही. बाजाराने चित्र उचलले आणि गाणे मागे ठेवले. बाजाराचा तो धर्मच आहे. प्रश्न चळवळीने काय केले, हा आहे.

चळवळीची जुनी वही उघडली तर तिच्या खात्यावर पुष्कळ काही जमा आहे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाव सोडून मुंबईत आलेल्या कामगाराची घरची ओढ अण्णाभाऊंनी छक्कडीत आणली आणि सीमाप्रश्न त्या कामगाराच्या संसाराशी जोडून दाखविला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांच्या लेखणीच्या बळावर खेडोपाडी समतेचा विचार नेला. निळू फुल्यांसारखे नट त्याच मुशीतून घडले. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी काव्यवाचनाचे कार्यक्रम गावोगावी केले आणि छापील कवितेला श्रोत्यांसमोर उभे केले. हे ऋण कोणी नाकारू नये.

तरीही एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. अण्णाभाऊ आणि अमर शेख ज्या कष्टकऱ्यापुढे उभे राहात, त्याच्या जगण्याचे आणि बोलण्याचे ते स्वतः वाटेकरी होते. गिरणगावातील घाटावरचा माणूस त्यांचे शब्द ऐकत असे तेव्हा त्याला कोणी परका समजावून सांगत आहे असे वाटत नसे. याच्या उलट, नंतरच्या पुष्कळ कलापथकांतील गाणी शहरात लिहिली गेली, शहरात बसविली गेली आणि गावात ‘नेली’ गेली. विचार चांगला होता, चालही चांगली होती, पण प्रवास एकाच दिशेचा होता. गावाने टाळ्या वाजवावयाच्या आणि शहराने शिकवावयाचे. ज्या गावात गाणे गेले, त्या गावाच्या बोलीतून परत काय आले, याचा हिशेब फारसा कोणी ठेवला नाही.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण या बाबतीत पुरेसे बोलके आहे. १८८० मध्ये आसोद्याला जन्मलेली ही बाई लिहावाचावयास शिकली नव्हती. तिने शेतात राबताना आणि जात्यावर बसून खानदेशच्या लेवा बोलीत गाणी रचली. तिचे पहिले श्रोते घरचे आणि शेजारपाजारचे लोक होते. मुलगा सोपानदेव स्वतः कवी असल्याने ती गाणी उतरून ठेवली गेली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने संग्रह निघाला आणि महाराष्ट्र थक्क झाला. या कथेतील आनंदाचा भाग सर्वांना पाठ आहे. तिच्यातील दुःखाचा भाग असा की, ऐकणारा एक साक्षर कवी घरातच होता म्हणून ही गाणी वाचली. ज्या घरांत असा सोपानदेव नव्हता, त्या घरांतील बहिणाबाई किती असतील? एडवणच्या किनाऱ्यावर मासळी निवडता निवडता, वाडीत पाणी लावता लावता ज्या बायकांनी रचले, ते त्यांच्याबरोबरच गेले.

पालघरच्या कार्यकर्त्यांना तर याहून जवळची एक आठवण आहे. १९९० मध्ये पालघर येथे आदिवासी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद वाहरू सोनवणे यांनी भूषविले. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत घडलेला हा भिल्ल कार्यकर्ता. त्यांचा ‘गोधड’ हा भिली व मराठी कवितांचा संग्रह १९८७ मध्ये निघाला होता. लिहिलेले तेवढेच साहित्य, ही व्याख्या त्यांनी पालघरच्या व्यासपीठावरून नाकारली आणि मुखात जगणाऱ्या गाण्याला साहित्याचा दर्जा मागितला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता तर प्रत्येक पक्षकार्यालयात लावण्यासारखी आहे. ज्यांच्या दुःखाविषयी सभा भरते त्यांना मंचावर कोणी बोलावीत नाही आणि त्यांचे दुःख त्यांनाच दुसरे सांगत राहतात, हा तिचा आशय आहे. जमीनदारावर किंवा सरकारवर ती लिहिली असती तर कार्यकर्त्यांनी तिला आनंदाने माना डोलावल्या असत्या. ती चळवळीतल्याच माणसाने चळवळीलाच उद्देशून म्हटलेली आहे, म्हणून ती बोचते. पालघरात ते संमेलन होऊन तीन तपे उलटत आली, तरी सभेतील ध्वनिक्षेपक अजून त्याच हातांत आहे.

गावच्या भाषेची ताकद सत्ताधाऱ्यांना मात्र चटकन कळते. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी अनेक वर्षे इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या; राज्यकर्त्यांवर टीकाही केली. त्यांना तुरुंगात घातले गेले नाही. १९७७ मध्ये त्यांनी कामिरिथु या खेड्यात शेतकरी आणि मजुरांना बरोबर घेऊन गिकुयू भाषेत नाटक बसविले. उघडे नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने बांधले. तालमी पाहावयास आलेली माणसे लेखकाची भाषा सुधारीत: म्हातारा असा बोलणार नाही, मजूर हा शब्द वापरणार नाही. काही प्रयोग होताच सरकारने परवाना काढून घेतला आणि १९७७ च्या अखेरच्या दिवशी न्गुगींना स्थानबद्ध केले. ते सुमारे वर्षभर तुरुंगात होते. १९८२ मध्ये ते नाट्यगृहच जमीनदोस्त करण्यात आले. इंग्रजी पुस्तकांना न भिणारे सरकार खेड्यातल्या भाषेतील खेळाला भ्याले. २०२५ मध्ये न्गुगींचे निधन झाले तेव्हा मराठी वृत्तपत्रांतूनही त्यांचा गौरव झाला. पण तालमीत लेखकाला दुरुस्त करणारी ती खेडुत माणसे, हे त्यांच्या आयुष्यातील खरे शिक्षण होते, आणि चळवळीने घ्यावयाचा धडाही तोच आहे.

या विचारावर तीन आक्षेप येतात. त्यांची दखल घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप मराठीच्या अभिमान्यांचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासनाचे निर्णय लोकमताच्या रेट्यामुळे जूनअखेर मागे घ्यावे लागले. मराठीने एकजुटीने उभे राहण्याच्या अशा काळात बोलींचा प्रश्न काढणे म्हणजे फूट पाडणे होय, असे ते म्हणतात. या आक्षेपाला इतिहासानेच उत्तर दिले आहे. कोकणी ही मराठीची बोली, असे महाराष्ट्रातील थोरामोठ्यांनी दीर्घकाळ सांगितले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापूर्वी मनोहरराय सरदेसायांची कविता आणि उल्हास बुयांव यांचा आवाज गोव्याच्या गावागावांत पोचला होता. गोव्याने विलीनीकरण नाकारले. त्या कौलाला अनेक कारणे होती, हे खरे. पण ‘तुमची ती बोली आणि आमची ती भाषा’ या सुराने माणसे जवळ येत नाहीत, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी. लहान मुलाच्या घरच्या भाषेवर दुसरी भाषा लादू नये, हे तत्त्व हिंदीच्या बाबतीत जे हिरिरीने मांडतात, त्यांनी तेच तत्त्व वाडवळी, मांगेली आणि वारलीच्या बाबतीत विसरावे, हे न्यायाला धरून नाही. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाने आपल्या कादोडीत लेखन केले म्हणून मराठीचे काही उणे झाले नाही. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो समाजवाद्यांचा आहे. या बोली जातींच्या बोली आहेत. वाडवळी वाडवळांची, मांगेली मांगेल्यांची. त्यांच्या कवितेला व्यासपीठ देणे म्हणजे जातीच्या मेळाव्यांना नवा दागिना देणे नव्हे काय? हा धोका खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्ञातिसंस्थेच्या स्नेहसंमेलनात आपल्याच माणसांपुढे आपल्याच बोलीतील विनोदी कविता म्हटली की टाळ्या मिळतात आणि माणसे अधिकच आत्मसंतुष्ट होऊन घरी जातात. बोलीतील सगळेच पवित्र असते, असेही नाही. सुनेला हिणवणारी गाणी आणि खालच्या मानलेल्या जातीची टिंगल करणाऱ्या म्हणी त्याच बोलीत आहेत. म्हणूनच पक्षाच्या कार्यकर्त्याचे येथे काम आहे. ज्ञातिसंस्था जे करणार नाही ते त्याने करावे. वाडवळाची कविता मांगेल्याने ऐकावी, मांगेल्याची भंडाऱ्याने ऐकावी, आणि वाडीवर मजुरीला येणाऱ्या वारली बाईची कविता वाडीच्या मालकाने सतरंजीवर बसून, मध्ये न उठता, पुरी ऐकावी. या शेवटच्या प्रसंगी जर कोणी तिच्या उच्चारांना हसले, तर गाव कोठे उभे आहे हे त्या संध्याकाळीच कळेल. दहा परिसंवादांतून जे कळणार नाही ते कळेल.

तिसरा आक्षेप निकडीचा. किनाऱ्याचे पोट मारले जात असताना कविता कसली? १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली. तिच्या पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविली गेली. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी हा खाड्यांवर जगणाऱ्यांचा जुना दुखवटा आहे. आता डहाणू तालुक्यात वाढवणला सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे बंदर येत आहे; केंद्राने त्याला जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि मच्छीमारांचा विरोध चालू असतानाच ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. प्रश्न बरोबर आहे, परंतु उत्तर त्याच्याच पोटात आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो सारांश मराठीत येतो. पण ती मराठी कचेरीची असते. ज्या मच्छीमाराला वाऱ्याच्या प्रत्येक वळणासाठी शब्द आहे, त्याचे ज्ञान त्या कागदात बसत नाही. तो ध्वनिक्षेपकापुढे येतो, अर्धे वाक्य प्रमाण भाषेत जुळवितो, अडखळतो, आणि ‘आमचा विरोध आहे’ एवढेच म्हणून खाली बसतो. नोंदीत तेवढेच जाते. त्याला माहिती नव्हती असे नाही. चारचौघांत, मोठ्याने, आपल्या बोलीत सविस्तर बोलण्याची सवय त्याला कधी लागू दिली गेली नव्हती. ज्या गावाने आपल्या बोलीतील कविता वर्षानुवर्षे गावासमोर ऐकली, त्या गावाचा माणूस अधिकाऱ्यासमोर एवढा अडखळणार नाही. कवितेने बंदर थांबते असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांना बोलण्याची सवय नाही, त्यांच्या वतीने दुसरेच बोलतात, आणि वतीने बोलणारे पुष्कळदा तडजोडही वतीनेच करतात, हा किनाऱ्यावरील प्रत्येक आंदोलनाचा अनुभव आहे.

तेव्हा करावयाचे काय, हे फार अवघड नाही. पालघर तालुक्यातील प्रत्येक शाखेने वर्षातून एक संध्याकाळ केवळ गावच्या कवितेसाठी ठेवावी. भात कापून खळी झाल्यावरची संध्याकाळ सोईची. त्या संध्याकाळी पक्षाच्या कोणाचेही भाषण असू नये. अध्यक्षीय समारोपही नको. स्पर्धा नको, बक्षीस नको, शाल-श्रीफळ नको, आणि गाणाऱ्यांना ‘पारंपरिक वेष’ घालावयास सांगणे तर मुळीच नको. म्हाताऱ्या बायकांना आधी बोलवावे आणि शाळेतील मुलांना त्यांच्या शेजारी बसवावे. एखाद्या शब्दाचा अर्थ कळला नाही तर ऐकणाऱ्याने तेथेच विचारावा व म्हणणाऱ्याने तेथेच सांगावा. जे म्हटले गेले ते देवनागरीत, गावाच्या उच्चाराप्रमाणे, गावातल्याच मुलांनी उतरून घ्यावे. ती वही गावच्या शाळेत किंवा वाचनालयात राहावी. तिच्यावर पक्षाचा शिक्का नसावा. गुरुजींनाही आवर्जून बोलवावे. वर्गात अशुद्ध ठरलेला शब्द त्यांनी एकदा गावाच्या तोंडून, मानाने उच्चारलेला ऐकावा.

यातून पक्षाला किती मते मिळतील, असा प्रश्न एखादा व्यवहारी कार्यकर्ता विचारील. कदाचित एकही मिळणार नाही. पण ज्या पक्षाला लोकांचे राज्य आणावयाचे आहे, त्याला लोक काय बोलतात आणि कोणत्या शब्दांत बोलतात हे ठाऊक असणे, ही किमान पात्रता आहे. एडवणच्या एखाद्या ओट्यावर अशी संध्याकाळ झाली, तर पक्षाच्या कार्यकर्त्याने तेथे वेळेवर पोचावे, चपला बाहेर काढाव्यात, मागच्या सतरंजीवर बसावे, आणि शेवटचे गाणे संपेपर्यंत उठू नये.